बिनकाचेची फ्रेम

"आधी तुमचं टेबल सपाट हाय का बगा. मंग उतरवीन."

दुकानाच्या दारात बाई उभी. डोक्यावर चहाच्या खोक्याच्या फळीचा मोठा ट्रे, त्यावर जुन्या लुगड्याचा तुकडा गच्च ताणून बांधलेला. उन्हातून आलेली, घाम कपाळावरून डोळ्यांत उतरत होता, पण पुसायला ती हात काढेना.

"बाई, फ्रेमचं दुकान आहे हे. इथलं टेबल सपाटच असतं."

"मंग त्याच्यावरची काच उचला. खिळं बी उचला."

मी काच कापत होतो. काच कापायला आमच्याकडे हिरकणी असते, म्हणजे दांड्याला बसवलेला हिऱ्याचा बारीकसा कण. तिने एकदा रेघ ओढायला घेतली की मध्ये थांबायचं नसतं, थांबलं की काच वेडीवाकडी फुटते. बाईच्या हुकमामुळे मी थांबलो आणि काच फुटलीच. माझं डोकं फिरलं. पण तिच्या मानेकडे बघितलं आणि गप्प बसलो. मान अशी ताठ, की ट्रेच्या आत पाणी असतं तरी हिंदकळलं नसतं.

टेबल मोकळं केलं. ती गुडघ्यांत वाकली, मी एक बाजू धरली, आणि ट्रे टेबलावर आला. तिने कापड सोडलं.

आत मिठागर होतं.

ही गोष्ट साठ-एकसष्ट सालची असेल. पनवेलच्या बाजारपेठेत आमचं फ्रेमचं दुकान. दुकान माझ्या थोरल्या भावाचं, अण्णाचं. मी हाताखाली. अण्णा गल्ल्यावर बसायचा, मी मागे करवत घेऊन. आमच्याकडे दोनच प्रकारची कामं यायची, देवांच्या तसबिरी आणि गेलेल्या माणसांचे फोटो. जिवंत माणूस स्वतःचा फोटो घेऊन फ्रेम करायला आलाय, असं क्वचितच व्हायचं. लग्नाचा फोटोसुद्धा लोक ट्रंकेत ठेवायचे. नवराबायकोतलं एक कोणी गेलं की मग तो बाहेर निघायचा. तुम्हाला हे विचित्र वाटेल. तेव्हा आम्हाला वाटत नव्हतं.

तर त्या ट्रेमध्ये लहान मुलांच्या खेळण्यातल्या लाकडी विटा मांडल्या होत्या. मुंबईच्या बाजारात डब्यातून मिळायच्या तशा, बोटाच्या पेराएवढ्या. घर बांधा, किल्ला बांधा, मोडा. प्रत्येक विटेच्या चार बाजूंना चार रंग, निळा, पांढरा, तांबडा, हिरवा. त्या विटा एकीला एक लावून कोणीतरी पुरं मिठागर उभं केलं होतं. निळे चौकोन म्हणजे पाणी सोडलेले वाफे. मधून तांबडे बांध. कडेला हिरवी तिवरांची झाडी आणि पलीकडे खाडीचा निळा पट्टा. वरून घारीने बघावं तसं सगळं दिसत होतं. मी कितीतरी वेळ नुसता बघत राहिलो.

"फ्रेम करा," बाई म्हणाली, "अन् आमच्या घरी भितीला लावून द्या."

मी एका विटेला बोट लावलं. वीट हलली.

"अहो, हे चिकटवलेलं नाहीये!"

"नाय."

"आणि तुम्ही हे डोक्यावरून आणलंत? कुठून?"

"कामोठ्याशी."

"चालत?"

"मंग काय उडत?"

अण्णा गल्ल्यावरून फसकन हसला. मी नाही हसलो. कामोठ्याहून पनवेलपर्यंत, अर्धी वाट बांधांवरून, आणि एक वीट जागची हललेली नाही! मिठाच्या पाट्या डोक्यावरून वाहणाऱ्या बाईचीच मान ती. दुसऱ्या कोणाला जमलं नसतं.

तिचं नाव चांगुणा. हे मिठागर तिच्या नवऱ्याने मांडलं होतं, हिराजीने. हिराजी मिठागरातच कामाला. मचव्यात, म्हणजे मालाच्या होडीत, मीठ चढवताना फळी सरकली आणि तो पाठीवर पडला. कणा गेला. कमरेखाली काही उरलं नाही. घरात खाटेवर पडून होता. पहिले कित्येक महिने तो भिंतीकडे तोंड करून पडायचा आणि कोणाशी बोलायचा नाही, जेवण बळेच भरवावं लागायचं. चांगुणेचा भाऊ मुंबईच्या गोदीत होता. त्याने भाचीसाठी विटांचा डबा आणला. पोरगी खेळून कंटाळली आणि डबा बापाच्या खाटेवर टाकून गेली.

"त्यानी पोटावर ट्रे घेतला, अन् मांडाय लागला," चांगुणा म्हणाली. "मंग मना इचारतो, पानी सोडला का? कनच्या वाफ्यात सोडला? तवापासून बोलतो. सारखा बोलतो. डोकां खातो." हे सांगताना तिच्या तोंडावर हसू होतं. भावाने मग आणखी डबे आणून दिले.

"मग आता भिंतीवर कशाला?" मी विचारलं.

तेव्हा खरं कारण निघालं. सतत उताणं पडून त्याच्या पाठीला जखमा झाल्या होत्या. पनवेलचे डॉक्टर बजावून गेले होते, ह्याला कुशीवर ठेवा, उताणा ठेवलात तर जखमा चिघळतील आणि माणूस हातचा जाईल. कुशीवर ठेवला की पोटावरचा ट्रे गेला. ट्रे गेला की हा पुन्हा भिंतीकडे बघत गप्प. दोन दिवस तसं करून बघितलं होतं. तिसऱ्या दिवशी जेवण परत आलं.

"भितीकडंच बगायचं, तर भितीवर आगर पायजे," ती म्हणाली. आगर म्हणजे मिठागर.

अण्णा उठून आला. अण्णाचं कामकाज झटपट असायचं. "सोपं आहे. मागून सरस लावायचा, वर काच, झालं."

सरस म्हणजे जनावराच्या कातड्या-हाडांपासून केलेला डिंक. गरम करून लावायचा. लाकूडकामात तेव्हा तोच चालायचा.

"चिकटवायचं नाय," चांगुणा म्हणाली.

"का?"

"आता आगरात पानी हाय, म्हून निळं हाय. मीठ पडलं की तो वीट फिरवतो. पांढरी करतो. मिठाचं ढीग लागलं की ढीग करतो. पावसात समदं निळं. चिकटवलं तर फिरवनार कसं?"

अण्णाने माझ्याकडे बघितलं. "बाई, फ्रेम म्हणजे काय माहीत आहे ना तुला? एकदा बंद केली की केली. आत काय हलत नाही. रोज बदलायचं तर ट्रेच बरा."

"ट्रे नाय जमत. सांगितलं ना?"

"मग आमच्याकडूनही नाही जमणार. आम्ही फ्रेमवाले आहोत, खेळणीवाले नाही."

ती कापड पुन्हा बांधायला लागली. तिच्या हातांची त्वचा मिठाने चिरली होती, गाठ मारताना तिला दुखत होतं ते दिसत होतं. माझ्याच्याने राहवेना.

"मी बघतो," मी म्हणालो. "पण आधी भिंत बघावी लागेल. ट्रे ठेवून जा."

"ठेवनार नाय. त्याला दिसाय पायजे." आणि तोच ट्रे पुन्हा डोक्यावर घेऊन ती कामोठ्याला चालती झाली. मी त्याआधी फक्त माप घेऊन ठेवलं. अण्णा दिवसभर माझ्याशी बोलला नाही. सणाची कामं पडली होती, त्याचंही चूक नव्हतं.

दुकानाच्या सुट्टीच्या दिवशी सायकल काढली आणि कामोठ्याला गेलो. तेव्हाचं कामोठं म्हणजे खाडीच्या कडेचं लहानसं गाव. हिराजीचं घर शेवटच्या टोकाला, मागच्या दारातून मिठागर दिसायचं. फक्त हिराजीची खाट पुढच्या खोलीत होती, तिथून दिसत नव्हतं.

हिराजी माझ्याच वयाचा. छाती-हात पहिलवानाचे, पांघरुणाखाली पाय मात्र नुसत्या काठ्या. बघवत नव्हतं. पण गडी गप्पिष्ट. मी टेकायच्या आत त्याने मला विचारलं, "मिस्त्री, येताना बांधावरनं आयलाव ना? कडंच्या वाफ्यात पानी किती दिसलं?"

मला काय कळणार? म्हटलं, "होतं बुवा पाणी."

"होतं बुवा!" त्याने कपाळावर हात मारला. "ह्यांना दाखवून काय उपेग!"

त्याची आई दाराशी बसून फाटकी पाटी शिवत होती. काळी, बारीक, पाठीत वाकलेली. मुलाच्या जागी आता तीच सुनेबरोबर मिठागरात कामाला जायची. माझ्याकडे तिने एकदाच बघितलं. घरात एकच फ्रेम होती, भिंतीवर अगदी उंच, तिच्या नवऱ्याचा फोटो. त्याला सुकलेला हार.

आता भिंतीचं सांगतो. मी खिळा लावून हातोडी मारली, आणि खिळ्याबरोबर परातभर माती खाली आली. खाडीकाठच्या भिंतींना लोणा लागतो. म्हणजे जमिनीतलं खारं पाणी भिंतीत चढतं, वाळतं, आणि भिंत आतून भुसभुशीत होते. बाहेरून चुना फासलेला असतो म्हणून कळत नाही. आणि खिळा जरी बसला तरी तो गंजून तुटणार. त्या घरात लोखंडाचं काही टिकतच नव्हतं, दाराच्या कडीचासुद्धा चुरा झाला होता. आणि विटांसकट फ्रेमचं वजन म्हणजे लहान मुलाएवढं, ते पुन्हा आजारी माणसाच्या डोक्याशी. पडलं म्हणजे संपलंच.

"किती उंच लावू?" मी विचारलं.

हिराजीने कुशीवर पडल्या पडल्या हात लांब केला आणि भिंतीला बोट टेकवलं. "इतं खालची रांग. हात पोचला पायजे."

"इतक्या खाली कोणी फ्रेम लावत नाही हो."

"कोन नाय लावत? मी लावतो ना!"

मला हसू आलं. आयुष्यभर मी फ्रेम माणसाच्या डोक्याच्या वर लावत आलो होतो. हात पोहोचू नये, धक्का लागू नये, म्हणून. हा पहिला माणूस ज्याला हात पोहोचायला हवा होता.

दुकानात येऊन कामाला लागलो. अडचण अशी होती. पूर्वी फ्रेम भिंतीला चिकटून लावत नसत. वरची बाजू थोडी पुढे झुकवायची, म्हणजे खाली बसलेल्या माणसाला नीट दिसतं. हिराजी तर खाटेवर पडलेला, त्याच्यासाठी आणखी झुकवायला हवी. पण फ्रेम झुकवली की सुट्या विटा सगळ्या त्याच्या तोंडावर पडणार. खूप डोकं खाजवलं. शेवटी विटांच्या प्रत्येक रांगेखाली एक आडवी पट्टी बसवायची ठरवली, आणि ती पट्टी सरळ न बसवता आतल्या बाजूला उतरती. फ्रेम जेवढी पुढे झुकेल त्याहून पट्टी जास्त आत झुकलेली. म्हणजे फ्रेम पुढे वाकली तरी वीट मागे टेकून बसणार. सगळ्या पट्ट्या सागाच्या, सांधे खाचेचे, खिळा एकही नाही. आणि पुढून काच, पण ती बंद नाही. कपाटाच्या दारासारखी, बाजूला पितळी बिजागऱ्या. उघडा, विटा फिरवा, लावून घ्या.

तयार झाल्यावर मी अण्णासमोर काच उघडून मिटून दाखवली. मला फार अभिमान वाटत होता, खोटं कशाला बोला.

"छान आहे," अण्णा म्हणाला. "देवघराला असंच करू." अण्णाच्या तोंडून एवढं निघालं म्हणजे पुष्कळ झालं.

हातगाडीवर घालून फ्रेम कामोठ्याला नेली. भिंतीच्या भरवशावर राहायचं नाही हे आधीच ठरवलं होतं. वरच्या लाकडी तुळईला काथ्याचे दोन जाड दोर बांधले आणि शिंक्यासारखी फ्रेम टांगली. काथ्या खाऱ्या हवेला दाद देत नाही, मचव्यावरही तोच असतो. गाठी हिराजीने खाटेवरून सांगून सांगून मारून घेतल्या, माझी एकही त्याला पसंत पडली नाही. फ्रेम हलू नये म्हणून खाली भिंतीला टेकून दोन लाकडी ठोकळे लावले. मग चांगुणेने ट्रेमधून एकेक वीट उचलून दिली आणि हिराजीने जागा सांगितली. खालच्या रांगा त्याने स्वतःच्या हाताने लावल्या. सगळं मिठागर उभं राहिलं. हिराजी एकटक बघत होता. त्याचे डोळे भरून आले होते.

"मिस्त्री," तो म्हणाला, "आता कुशीवर झोपवा नायतर उलटा टांगा. मना चालंल."

मी काच मिटली.

म्हातारी तेव्हाच मागच्या दाराने आत आली. आली, फ्रेमकडे बघितलं, आणि अशी किंचाळली की माझ्या हातातला स्क्रू पडला.

"काढ! काढ तो! आदी काढ!"

मला कळेना काय झालं. मी वळून तिच्या बाजूने बघितलं, आणि कळलं. फ्रेम पुढे झुकलेली. पुढच्या दारातून उजेड थेट हिराजीच्या तोंडावर. त्यामुळे उभ्या माणसाला काचेत मिठागर दिसतच नव्हतं. काचेत हिराजी दिसत होता. छातीपर्यंत, चौकटीत नीट बसलेला, तिच्या नवऱ्याच्या फोटोसारखा.

"जित्या मानसाला काचंत घातला! माज्या पोराला काचंत घातला!"

"आये, तो मी नाय, माजं आगर हाय," हिराजी म्हणाला.

"मना तू दिसला! ह्या डोल्यांनी बगितला!"

"आजी, ती नुसती सावली पडलीय काचेत," मी समजवायला गेलो. "आरशात पडते तशी."

"तू गप! तुजं काय जातंय? तुजं दुकानच त्याच्यावर चालतं!"

मला वर्मी लागलं. चांगुणा रडायला लागली, सासूला धरू लागली. म्हातारी दोर सोडवायला गेली. हिराजी तिला थांबवायला कोपरावर उठला, आणि दमून पडला. मग त्याने मान वळवली. त्याच्यासमोर आता त्याचं मिठागर होतं, पण त्याने डोळे मिटून घेतले. "काढा मिस्त्री," एवढंच बोलला. चांगुणेने माझ्याकडे बघितलं. तिला काय भीती वाटली ते मला समजलं. तो पुन्हा गप्प झाला होता.

मी अंगणात जाऊन बसलो. आधी खूप राग आला. इतके दिवस राबलो, एवढं सुंदर काम केलं, आणि एका म्हातारीच्या भ्रमापायी सगळं मातीत! मनात तिला नको नको ते बोललो. मग विडी पेटवली. विडी ओढता ओढता दुकानाची भिंत डोळ्यांसमोर आली. घ्यायला न आलेल्या गिऱ्हाइकांच्या फ्रेम आम्ही तिथे लावून ठेवायचो. सगळे म्हातारे, बाया, एखादं लहान मूल. काचेच्या मागे गेलेलं एकही माणूस परत बाहेर आलं नव्हतं. तिच्या घरात एक गेला होता. मग ती काय चुकीचं बोलली? मलाच तिच्याबद्दल वाईट वाटायला लागलं.

आत गेलो आणि कोणाला काही न विचारता बिजागऱ्यांचे स्क्रू काढायला लागलो.

"काय करताव?" चांगुणेने विचारलं.

"काच काढतो."

"मंग इटा पडतील ना?"

"बघू."

खरं तर माझाही जीव टांगणीला लागला होता. काच लावायचीच म्हणून पट्ट्यांचा उतार मी जरा हात राखून दिला होता. काच निघाली. दोर धरून मी फ्रेम हळूच हलवली. विटा खुळखुळल्या आणि बसल्या. जरा जोरात हलवली. एकही पडली नाही.

म्हातारी दारातून बघत होती. ती पुढे आली. वाकून, खालून, बाजूने, सगळीकडून बघितलं. आता त्यात कोणी दिसत नव्हतं. तिने चौकटीत हात घातला, एक वीट उचलली, बाहेर काढली, उलटीपालटी करून बघितली, आणि परत जागेवर ठेवली. पुन्हा हात आत. पुन्हा बाहेर.

"काच नाय लावनार ना?"

"नाही आजी. काच मी परत नेतो."

"मंग ही मांडनी हाय," ती म्हणाली.

मांडणी म्हणजे स्वयंपाकघरातली भांडी ठेवायची फळ्यांची चौकट. प्रत्येक घरात असते. बायका दिवसातून पन्नासदा तिच्यात हात घालतात.

"हो, मांडणीच आहे," मी म्हणालो.

"मांडनी चालंल."

चांगुणेने पदराने तोंड पुसलं. पण हिराजीचे डोळे अजून मिटलेलेच. म्हातारी फ्रेमसमोर उभी राहिली, कमरेवर हात ठेवून. बराच वेळ बघितलं. मग म्हणाली, "ह्यो बांद चुकलाय."

तिने एका तांबड्या रांगेवर बोट ठेवलं.

"ह्यो टोकाचा. असा सरल नाय गेला. अवंदा नवा बांदलाय, खाडीच्या अंगाला वललाय. तुजा जुना हाय."

हिराजीने डोळे उघडले. "कनचा?"

"ह्यो. बग इतं."

"किती वललाय?"

"दोन इटा."

"दोन? येवढा कसा वललाय? कोनी बांदला तो? डोका हाय का त्याला?"

"तुज्याच भावकीनी बांदला," म्हातारी म्हणाली, आणि तांबड्या विटा उचलून हलवायला लागली. हिराजी खालून ओरडत होता, तशी नको, आडवी ठेव, आता पाणी कुठून शिरेल ते सांग. दोघांचं चांगलंच जुंपलं. मी माझी हत्यारं गोळा केली. माझ्याकडे कोणाचं लक्षही नव्हतं.

काच घेऊन दुकानात आलो, तेव्हा अण्णा म्हणाला, "हे काय? काच परत?"

"नको म्हणाले."

"बिनकाचेची फ्रेम? मग ती फ्रेम कसली?"

"मांडणी आहे ती."

अण्णाने हात टेकले. ती काच पुढे आम्ही एका दत्ताच्या तसबिरीला वापरली.

त्यानंतर मी अधूनमधून कामोठ्याला जायला लागलो. दोर बघायला जातो असं अण्णाला सांगायचो. दोरांना काही होत नव्हतं. एकदा गेलो तेव्हा थंडी सरत आली होती. म्हातारी कामावरून आली. पाय गुडघ्यापर्यंत पांढरे. धुतले नाहीत, पाणी प्यायली नाही, तशीच फ्रेमपाशी गेली.

"पडला," ती म्हणाली.

"कुटं?" हिराजी कोपरावर उठला.

"वरच्या कोन्यात. पातल हाय अजून."

तिने वरच्या कोपऱ्यातल्या विटा एकेक करून फिरवल्या. निळ्याच्या पांढऱ्या झाल्या. वरच्या रांगांना हिराजीचा हात पोहोचत नव्हता, त्या तिच्या. खालच्या त्याच्या. मधल्या रांगेतली एक वीट तो फिरवायला गेला तेव्हा तिने त्याच्या हातावर चापट मारली. "तितं नाय पडला अजून. घाई नको." आणि तो मोठा माणूस लहान पोरासारखा हात मागे घेऊन हसला. त्या घरात तेवढं हसू मी पहिल्यांदाच ऐकलं. मला इतकं बरं वाटलं की परत येताना सायकल चिखलात घातली तरी काही वाटलं नाही.

हिराजी पुढे काही वर्षं जगला. डॉक्टरांना वाटलं होतं त्यापेक्षा पुष्कळ जास्त. एका पावसाळ्यात गेला. मला बाजारात मागाहून कळलं. मिठागरं तेव्हा पाण्याखाली असतात, म्हणजे त्याची सगळी फ्रेम निळी असणार, एवढंच माझ्या मनात आलं. दुकानात आलो आणि एक चांगली काच काढली. नितळ, बुडबुडा नसलेली. माप मला पाठ होतं. हिरकणी न थांबवता कापली आणि कागदात गुंडाळून माळ्यावर ठेवली. हिराजीचा फोटो कधी काढलेलाच नव्हता. म्हटलं, आता त्या घरचं कोणीतरी येईल, आणि त्याच्या मिठागरालाच काच लावून मागेल. आपल्याकडे रीतच तशी आहे.

पावसाळा संपला, थंडी गेली, कोणी आलं नाही. मग उन्हाळ्याच्या तोंडाशी एके दिवशी म्हातारी दारात उभी. आणखी वाकली होती. पदरातून तिने सागाची मोडकी पट्टी काढली.

"मिस्त्री, पट्टी मोडली. नवी करून दे."

मी तिला बसवलं, पाणी दिलं.  पट्टी करायला घेतली. रंधा मारला, उतार काढला, खाच घेतली. मग माळ्यावरून काच उतरवली आणि तिच्यासमोर कागद सोडला.

"आजी, ही काच तयार ठेवलीय. पट्टी बसवायला मी येईनच. तेव्हा लावून देऊ?"

तिने काचेकडे बघितलं. मग माझ्याकडे.

"काच कशाला?"

"नाही... आता हिराजी..."

"तो गेला," ती म्हणाली. "आगर गेला का? काल मीठ पडलाय मधल्या वाफ्यात. त्याच्या रांगा बी आता मनाच फिरवाय लागतात. काच लावलीस तर हात कसा जाईल?"

मी काच पुन्हा गुंडाळून ठेवली. अण्णा गल्ल्यावरून ऐकत होता. त्याने चहा मागवला, आणि म्हातारीला आधी दिला.

आता दुकान पुतण्या बघतो. नवीन कारागीर आला की मी त्याला दोन गोष्टी सांगतो. खाडीकाठच्या घरात लोखंडी खिळा मारू नकोस, आणि काच कापायच्या आधी गिऱ्हाइकाला विचार, आत कोणाचा हात जायचाय का. पहिली गोष्ट सगळे लक्षात ठेवतात. दुसरीला हसतात, आणि काच कापून मोकळे होतात.